भविष्याचे पत्ते : पहिला कॅट कोणता घ्यावा?

वाचकहो, जत्रेत पोपटवाल्यापुढे तुम्ही कधीतरी बसला असाल. पोपट पिंजऱ्यातून ऐटीत बाहेर येतो, चोचीने एक पत्ता ओढतो, आणि मालक आपले नशीब वाचून दाखवतो. पोपटावाचून चालणारा असाच एक युरोपातला प्रकार म्हणजे टॅरो. माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, पहिल्यानेच घ्यायचा तर कोणता कॅट घ्यावा?" मी पडलो इतिहासाचा मास्तर, भविष्यातले मला काय कळणार! पण पत्त्यांनाही भूतकाळ असतोच की, आणि तो मला सांगता येतो.

खोक्यावर पुष्कळदा छापलेले असते, की ही प्राचीन मिसर देशाची गुप्त विद्या आहे. तिथेच थोडे थांबा. टॅरो जन्मला उत्तर इटलीत, १४४० च्या सुमारास, आणि जन्मला तो खेळण्यासाठी! चार रंगांचे प्रत्येकी १४, असे ५६ पत्ते. त्यांत २१ चित्रपत्ते आणि एक 'वेडा' घातला की झाले ७८. ही २१ चित्रे कशाला? अहो, आपण हुकूम म्हणतो ना, तेच! आपल्याकडे डावागणिक एखादा रंग हुकूम ठरतो. तिथे हुकमाचे पत्ते कायमचे वेगळे काढून ठेवलेले. मिलानच्या ड्यूकच्या घराण्यासाठी सोन्याचा वर्ख लावून रंगवलेला असा एक कॅट प्रसिद्ध आहे. त्यातले ७४ पत्ते आजही शिल्लक आहेत, त्यांपैकी ३५ न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात. फ्रान्समध्ये आणि ऑस्ट्रियात टॅरोचे डाव अजूनही रंगतात. तिथे भविष्य कोणी विचारीत नाही, गुण मोजतात.

साधे पत्ते युरोपात त्याआधीच, चौदाव्या शतकात, पोचले होते, आणि ते मिसरच्या मामलुक सुलतानांच्या राज्यातून आले असे अभ्यासक मानतात. म्हणजे मिसरचा संबंध आहे, पण पिरॅमिडवाल्या मिसरचा नव्हे! इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात त्या मामलुक पत्त्यांचा एक कॅट आहे आणि त्यातल्या एका पत्त्यावर 'कंजीफा' असा शब्द लिहिलेला आहे. सावंतवाडीचा गोल, दशावतारी, १२० पत्त्यांचा गंजिफा ज्यांनी पाहिला असेल त्यांना ही सोयरीक वेगळी सांगायला नको.

मग भविष्य आले कुठून? १७८१ साली पॅरिसच्या कूर द जेबलँ नावाच्या विद्वानाने लिहून टाकले, की हे पत्ते म्हणजे मिसरी पुरोहितांचा लपवलेला ग्रंथ. आता गंमत पाहा. मिसरची चित्रलिपी शांपोल्यॉंने उलगडली ती १८२२ मध्ये. म्हणजे या गृहस्थांनी वाचता न येणाऱ्या ग्रंथाचा अर्थ ४१ वर्षे आधीच सांगितला! त्यांच्या मागोमाग एतेय्या नावाच्या माणसाने पत्ते मांडण्याची रीत छापली आणि भविष्यासाठी म्हणून खास कॅटही काढला. पहिला कॅट विकत घ्यायचा नसतो, तो भेट मिळावा लागतो, असे कोणी सांगेल. पण हा धंदा उभा राहिला तोच विक्रीवर.

तर आता निवडीचे. मार्सेय पद्धतीचा कॅट जुना आणि देखणा. पण त्यात तलवारींची सत्ती म्हणजे नुसत्या सात तलवारी, आपल्या इस्पिकच्या सत्तीसारख्या. नवशिक्याने पाहून काय समजायचे? क्रौली आणि लेडी फ्रीडा हॅरिस यांचा 'थॉथ' कॅट चित्रांनी इतका गच्च भरलेला, की पहिल्या दिवशीच डोके चक्रावेल. माझ्या मते लंडनच्या रायडर प्रकाशनाचा १९०९ चा कॅट घ्यावा. त्याच्या ७८ च्या ७८ पत्त्यांवर चित्रे आहेत, बहुतेकांवर माणसे आहेत, काहीतरी घडते आहे. तीन तलवारींनी भोसकलेले काळीज आणि मागे कोसळणारा पाऊस पाहिला, की अर्थ सांगायला पुस्तक लागत नाही. आणि भविष्यावर विश्वास नसला, तरी मुलांकडून गोष्ट रचून घ्यायला शिक्षकाला तो उपयोगी पडेल. मात्र परीक्षेचा निकाल किंवा आजाराचे निदान त्याला विचारू नका. सोन्याच्या वर्खाचा असला तरी पत्ता कागदाचाच!

हा कॅट 'रायडर-वेट' म्हणून ओळखला जातो. एक नाव प्रकाशकाचे, दुसरे योजना आखणाऱ्या आर्थर वेटचे. ज्या बाईने काही महिन्यांत सगळी चित्रे काढली, तिचे नाव मात्र कितीतरी वर्षे गाळलेलेच राहिले. तिचे नाव पामेला कोलमन स्मिथ. काम फार मोठे आणि पैसे फार थोडे, असे तिने त्याच वर्षी एका परिचिताला कळवले होते. १९५१ मध्ये कॉर्नवॉलमधल्या ब्यूड गावी ती गेली, आणि कर्ज फेडण्यासाठी तिचे सामानसुमान विकावे लागले. तो कॅट कधी हाती आला, तर चित्राच्या खालच्या कोपऱ्यात नीट पाहा. सापासारखी वळलेली तीन अक्षरे दिसतील. ती तिची सही आहे.