‘जुळत नाही’ हे कधी सुरू झालं? सायकलच्या गिअरचा इतिहास

जुनी गिअरची सायकल दुरुस्तीला नेली की एक वाक्य हमखास ऐकू येतं: “हे ८-स्पीडचं आहे, त्याला ९-स्पीडचं चालणार नाही.” मग शिफ्टरबरोबर कॅसेट, कॅसेटबरोबर चेन, असं करत करत अर्धी सायकल बदलायची वेळ येते. खर्च ऐकून बरेच जण सायकल तशीच जिन्याखाली लावून ठेवतात. माझं संशोधन तांत्रिक मानकांच्या इतिहासावर आहे, त्यामुळे मला इथे वेगळाच प्रश्न पडतो. हे ‘जुळत नाही’ नेमकं कधी सुरू झालं? गंमत म्हणजे याला बऱ्यापैकी नेमकं उत्तर आहे: १९८४.

त्याआधी काय होतं ते बघू. १९७०च्या दशकातल्या चांगल्या सायकलीवर जपानच्या सनटूरचा डिरेलर, फ्रान्सच्या मायारचं फ्रीव्हील, फ्रेंच सेडिस चेन आणि आणखी कुणाचा क्रँक, असा सगळा संसार सुखाने नांदायचा. कारण साधं होतं. शिफ्टरला क्लिक नव्हतीच. दांडी हवी तिथे थांबायची, घर्षणाने तिथेच राहायची. चेन चकतीवर नीट बसली की नाही हे चालवणारा कानाने ओळखायचा. खरखर आली की दांडी किंचित सरकवायचा. म्हणजे अचूकता सुट्या भागांत नव्हती, माणसाच्या हातात होती. सगळंच मिसळलेलं होतं, म्हणून ‘मिसळणे’ असा वेगळा प्रश्नच नव्हता.

१९८४ मध्ये शिमानोने ड्युरा-एस ७४०० या मालिकेत एसआयएस आणलं. एक क्लिक, एक गिअर. नवख्या माणसालाही पहिल्या दिवसापासून गिअर बदलता येऊ लागले, हा फायदा अगदी खरा होता. पण कानाचं काम आता धातूला करायचं होतं. त्यामुळे शिफ्टर, केबल, डिरेलर, फ्रीव्हील आणि चेन हे सगळं एकमेकांसाठी बनवलेलं असणं भाग होतं, आणि शिमानोने ते संच म्हणूनच विकलं. सनटूरने १९६४ मध्ये तिरक्या समांतरभुज चौकटीचा डिरेलर शोधला होता. त्याच्या पेटंटची मुदत १९८०च्या दशकाच्या मध्यावर संपली आणि शिमानोने ती रचनाही उचलली. सनटूरची स्वतःची क्लिकची पद्धत काही वर्षांनी आली, तोवर सायकल बनवणारे पूर्ण संच घ्यायला लागले होते. पुढच्या दहाएक वर्षांत सनटूरचे डिरेलर बाजारातून जवळपास दिसेनासे झाले.

आता थोडं गणित, घाबरू नका, फक्त गुणाकार आहे. एका क्लिकला शिफ्टर जेवढी केबल ओढतो, गुणिले डिरेलरचं गुणोत्तर, बरोबर दोन चकत्यांतलं अंतर. शिमानोच्या ८-स्पीड शिफ्टरची ओढ साधारण २.८ मिमी, गुणोत्तर १.७, म्हणून चेन सुमारे ४.८ मिमी सरकते. ८-स्पीड कॅसेटमध्ये अंतर तेवढंच असतं. ९-स्पीडमध्ये ते सुमारे ४.३५ मिमी आहे. म्हणजे ८चा शिफ्टर आणि ९ची कॅसेट लावली तर प्रत्येक क्लिकला जवळजवळ ०.४ मिमीची चूक होते. एवढी चूक डिरेलरचं वरचं चाक थोडं डावी-उजवीकडे सरकून सांभाळून घेतं. पण चुका साठत जातात. सात क्लिकनंतर ती जवळपास ३ मिमी होते, आणि चेन भलत्याच जागी लोंबकळते.

याच गणितातून दुसरीही बाजू दिसते. शिमानोच्या बहुतेक ८ आणि ९-स्पीड डिरेलरांचं गुणोत्तर एकच आहे. म्हणून ९-स्पीडच्या सायकलीला ८-स्पीडचा डिरेलर बिनदिक्कत चालतो! डब्यावरचा आकडा ‘नाही’ म्हणतो, गुणाकार ‘हो’ म्हणतो.

माझ्या मते इथे दोन प्रकारची ‘जुळत नाही’ वेगळी करायला हवीत. पहिला प्रकार जागेचा. ५-स्पीडच्या काळात फ्रेममध्ये मागच्या चाकासाठी १२० मिमी जागा असायची, पुढे १२६ झाली, मग १३०. चकत्या त्याहून वेगाने वाढल्या, त्यामुळे त्या जवळ आल्या आणि चेन अरुंद झाली: ८-स्पीडची बाहेरून सुमारे ७ मिमी, ११-स्पीडची साडेपाच. रुंद चेन दाट चकत्यांत शेजारणीला घासणारच. इथे कुणाचा डाव नाही, भूमिती आहे.

दुसरा प्रकार निर्णयाचा. त्याच ड्युरा-एस ७४००च्या डिरेलरचं गुणोत्तर शिमानोच्याच इतर मालिकांपेक्षा वेगळं होतं, म्हणजे एकाच कंपनीचे महाग आणि स्वस्त भाग एकमेकांशी बोलत नव्हते. २०१०च्या सुमारास माउंटन बाइकचं १०-स्पीड आलं. कॅसेटमधलं अंतर रोड बाइकच्या १०-स्पीडएवढंच, पण डिरेलरचं गुणोत्तर बदललेलं. केबल जास्त ओढली की चिखल आणि घर्षणाचा परिणाम कमी होतो, हे तांत्रिक कारण पटण्यासारखं आहे. तरी जुनं सोडून द्यायचं की सांभाळायचं, हे धातूने ठरवलेलं नव्हतं.

म्हणूनच केबलची ओढ बदलणाऱ्या छोट्या पुल्या बाजारात आल्या. डिरेलरच्या बोल्टच्या दुसऱ्या बाजूने केबल अडकवून गुणोत्तर बदलण्याची युक्तीही रुळली. अमेरिकेतले मेकॅनिक शेल्डन ब्राउन (१९४४–२००८) यांनी कोणता भाग कशाला चालतो याची माहिती सगळ्यांसाठी खुली लिहून ठेवली, आणि कित्येक सायकली त्यामुळे भंगारात जायच्या वाचल्या. मानकांचा इतिहास लिहिताना आपण कंपन्या आणि पेटंटं बघतो. सांधे जोडणारी ही माणसं त्यातून सुटतात.

२०२३ मध्ये शिमानोने क्यूज ही मालिका आणली. तिच्या लिंकग्लाइड प्रकारात ९, १० आणि ११-स्पीडच्या चकत्यांतलं अंतर एकच ठेवलं आहे. म्हणजे आकडे बदलले तरी भाग जुळवता येतात, हे चाळीसएक वर्षांनी त्याच कंपनीने दाखवून दिलं. जुन्या कॅसेटशी मात्र तेही जुळत नाही!

तेव्हा पुढच्या वेळी ‘चालणार नाही’ ऐकलंत तर एवढंच विचारा: ओढ, गुणोत्तर की अंतर, यातलं नेमकं काय जुळत नाही? उत्तर ‘ओढ’ असेल तर कदाचित फक्त शिफ्टर बदलून भागेल.

पुढच्या लेखात शिमानोच्याच एका फसलेल्या धाडसाबद्दल: अर्ध्या इंचाऐवजी १० मिमी पिचची चेन.