निव्हियाची डबी आणि १९३३ चे जर्मनी

हिवाळ्यात हातावर नख ओढले की पांढरी रेघ उमटते. थंड, कोरड्या हवेत त्वचेतील ओलावा झपाट्याने उडून जातो. तेल तो अडवून धरते, पण स्वतः पाणी देत नाही. त्यामुळे तेल आणि पाणी एकत्र नांदवायचे कसे, हा वैद्यकापुढचा फार जुना प्रश्न होता.

'कोल्ड क्रीम'चे श्रेय दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन याला दिले जाते. मेण व तेल वितळवून त्यात पाणी घोटले जाई. लावल्यावर पाणी उडून गारवा जाणवे. 'कोल्ड' म्हणायचे ते यामुळे. मिश्रण मात्र टिकत नसे. पाणी सुटे, तेल खवट होई. अडचण शतकानुशतके टिकली!

उत्तर सापडले मेंढीच्या लोकरीत. लोकरीवरील मेणचट द्रव्यातून आयझॅक लिफ्शुट्झ या रसायनशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी 'युसेरिट' मिळवले. तेलात पाण्याचे सूक्ष्म थेंब धरून ठेवणे, हा त्याचा गुण. त्वचारोगतज्ज्ञ पॉल गेर्सन उना यांनी त्याचे मोल ओळखले आणि हॅम्बुर्गच्या बायर्सडॉर्फ कंपनीचे मालक ऑस्कर ट्रोप्लोविट्झ यांनी १९११ मध्ये त्यापासून क्रीम बाजारात आणले. पांढऱ्याशुभ्र रंगावरून त्याला हिमाचा अर्थ असलेले लॅटिन नाव दिले गेले : निव्हिया.

ट्रोप्लोविट्झ आणि लिफ्शुट्झ दोघेही ज्यू होते. ट्रोप्लोविट्झ १९१८ मध्ये निवर्तले. पुढे कंपनीची धुरा विली याकोबसोन या ज्यू संचालकाकडे आली. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर येताच प्रतिस्पर्धी क्रीम उत्पादकांनी प्रचार आरंभला : निव्हिया घेणारा ज्यू कंपनीला पोसतो. या मोहिमेत वंशद्वेषाइतकाच गल्ल्याचा हिशेबही होता. त्याच वर्षी ज्यू संचालकांना पायउतार व्हावे लागले. याकोबसोन ॲमस्टरडॅमला गेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झाले. कंपनी वाचली, पण ती आपल्याच माणसांना बाजूला सारून. तिला प्रतिकाराची कथा म्हणता येणार नाही.

महायुद्धानंतर दैव उलटले. जर्मन मालमत्ता म्हणून अनेक देशांत 'निव्हिया' या नावावरील हक्कच जप्त झाले. बायर्सडॉर्फने ते एकेक करून परत विकत घेतले. पोलंडमधील हक्क परत मिळायला १९९७ साल उजाडले.