हंपीचा रथ चष्म्यातून: वारसास्थळांची आभासी सफर कशी घडते?

पन्नास रुपयांच्या नव्या नोटेवर हंपीचा दगडी रथ आहे. विजय विठ्ठल मंदिराच्या आवारातला हा रथ एकाच दगडात कोरलाय, असं तिथले गाइड छातीठोकपणे सांगतात. प्रत्यक्षात तो ग्रॅनाइटच्या अनेक तुकड्यांचा आहे, फक्त सांधे सहज दिसत नाहीत. त्यातही गंमत अशी, की कंपनी सरकारच्या लष्करातले अधिकारी अलेक्झांडर ग्रीनलॉ यांनी १८५६ मध्ये काढलेल्या फोटोत या रथावर विटांचं शिखर दिसतं. आज ते नाही. मग उद्या हा रथ व्हीआर चष्म्यातून दाखवायचा झाला, तर शिखरासह दाखवायचा की शिखराविना?

आभासी सफर तयार करताना खरी डोकेफोड इथे असते. यंत्राचं काम त्या मानाने सरळ आहे. लेझर स्कॅनर भिंतीवर किरण सोडतो आणि परत आलेल्या किरणावरून अंतर मोजतो. अशा कोट्यवधी ठिपक्यांतून वास्तूचा साचा तयार होतो. दुसरी रीत स्वस्तातली, फोटोग्रामेट्री. वास्तूचे चारी बाजूंनी शेकडो फोटो काढायचे, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतला साठ-सत्तर टक्के भाग पुन्हा आला पाहिजे, बाकी जुळवाजुळव सॉफ्टवेअर करतं. ऊन-सावली बदलली की मात्र रंग फसतात, म्हणून ढगाळ दिवस बरा.

हे झालं आज जे उभं आहे त्याचं. पडलेला भाग उभा करायचा तर अंदाज आलाच, आणि १५६५ च्या तालीकोट लढाईनंतर उद्ध्वस्त झालेल्या हंपीत पडलेलं पुष्कळ आहे. त्यासाठी २००६ मध्ये लंडन चार्टर नावाची मार्गदर्शक तत्त्वं आखली गेली. त्यांचं सार सोपं आहे: कुठला भाग पुराव्यावर उभा आहे आणि कुठला अंदाजावर, हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे. अंदाजाचा भाग फिकट रंगात दाखवला तरी काम भागतं. पण चकाचक चित्राच्या मोहापायी नेमकं हेच गाळलं जातं.

मराठी माणसासाठी तर हंपीत आणखी एक पेच आहे. पंढरीची मूर्ती कृष्णदेवरायाने इथे नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, ही वारकऱ्यांची परंपरा. मंदिराचा गाभारा आज रिकामा आहे. चष्म्यात तिथे मूर्ती उभी केली तर परंपरा इतिहास म्हणून खपवल्यासारखं होईल. तिचा उल्लेखच टाळला, तर पंढरपूरहून आलेल्याला त्या रिकाम्या गाभाऱ्यात काय दिसणार? परंपरा ही परंपरा म्हणूनच ऐकवणं, हा त्यातल्या त्यात प्रामाणिक मार्ग.

हंपीवर असं काम झालेलंही आहे. सारा केंडरडाइन आणि जेफ्री शॉ यांचा ‘प्लेस-हंपी’ हा प्रयोग २००६ मध्ये फ्रान्समधल्या लील शहरात दाखवला गेला. गोल पडदा, मधोमध फिरता मंच, डोळ्यांवर थ्रीडी चष्मा. मंच कुठे वळवायचा ते प्रेक्षकानेच ठरवायचं. २०१२ पासून तो बळ्ळारी जिल्ह्यात तोरणगल्लूजवळच्या कलाधाममध्ये बसवण्यात आला. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या डिजिटल हंपी प्रकल्पात हुबळीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचाही वाटा होता.

आवाजाकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. विठ्ठल मंदिराच्या संगीत खांबांवर आता बोट वाजवायला बंदी आहे, कारण वाजवून वाजवून खांब झिजले. तोच नाद नीट ध्वनिमुद्रित करून चष्म्यात ऐकवला, तर खांबही वाचतात आणि माणूसही रिकाम्या हाताने परतत नाही. जागेवर जे करता येत नाही ते करू देणं, हाच या तंत्राचा खरा उपयोग.

बाकी व्यवहाराच्या गोष्टी. मान वळवल्यावर चित्र क्षणभर जरी मागे राहिलं तरी मळमळतं, म्हणून बऱ्याच चष्म्यांत सेकंदाला ९० चित्रं लागतात. वयस्कर लोकांसाठी बसून बघण्याची सोय हवी. आणि उद्घाटनानंतरचा खर्च: चष्मे पुसायचे, बॅटऱ्या बदलायच्या, सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवायचं. अंदाजपत्रकात ही रक्कम नसेल तर फीत कापल्यावर वर्षभरात खोलीला कुलूप लागणार. डेटाचंही तसंच. ब्रिटनमध्ये बीबीसीने १९८६ मध्ये लेझर डिस्कवर साठवलेला डूम्सडे प्रकल्प पंधरा-सोळा वर्षांतच वाचता येईना, कारण तो वाचणारी यंत्रंच दुर्मिळ झाली.

आपल्या भागातही जागा कमी नाहीत. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, खानापूर तालुक्यातलं हलशीचं भूवराह नरसिंह मंदिर, गोव्यातलं तांबडी सुर्लाचं महादेव मंदिर. कुणी हे काम हाती घेतलंच, तर तीन गोष्टी आधी कागदावर आणाव्यात: संरक्षित वास्तू असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी, स्कॅनची मालकी कोणाकडे राहणार, आणि निवेदन कोणत्या भाषांत. हलशीला येणारा माणूस कन्नडही बोलतो, मराठीही आणि कोकणीही. ध्वनिपट नंतर जोडता येतो खरा, पण सफरीचा वेग एकाच भाषेच्या निवेदनावर बेतलेला असेल, तर दुसरी भाषा त्यात कोंबावी लागते.