तळटीप : 'क्लबात उतरलो'

१. 'क्लबात उतरलो' : हे वाचून जिमखाना, पत्ते, पेले असले काही डोळ्यांपुढे आणू नये. पत्रलेखक गोव्याचा तारवटी, म्हणजे बोटीवरचा नोकर. त्याचा क्लब म्हणजे मुंबईत धोबीतलाव, माझगाव या भागांत गावोगावच्या गोवेकर ख्रिस्ती मंडळींनी भाड्याच्या जागेत चालवलेले बिऱ्हाड. कोंकणीत त्याला कूड म्हणतात. शब्दाचा साधा अर्थ खोली. एका गावाचा एक क्लब, सभासदही त्याच गावचे. भिंतीकडेला ट्रंका, रात्री जमिनीवर पथारी, कोपऱ्यात गावच्या संताची वेदी आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हणायचा तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. बोट मिळेपर्यंत तारवटी इथे राहत, आणि बोटीवरून उतरल्यावर गावाची पहिली खबरही इथेच कळे.

पत्र १९४६ चे आहे. युद्ध आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये थांबले होते. पोर्तुगाल तटस्थ होता, म्हणून गोवाही कागदोपत्री तटस्थ. तरी गोव्याची माणसे ब्रिटिश बोटींवर खलाशी, आचारी, स्टुअर्ड म्हणून राबत होती. परके युद्ध, जीव मात्र आपला! घरी जायचे तर मुंबईहून पणजीची आगबोट, नाहीतर लोंढ्यावरून मुरगावची रेल्वे. पण पुढची बोट हुकेल या धास्तीने पुष्कळांचे घरी जाणे लांबत असे आणि सामान क्लबातच राही. पत्राच्या शेवटी आलेली 'माझी पेटी' ती हीच ट्रंक.