तोरणात शिरलेली मोटार

सुरतेच्या वराछा-कतारगाम भागात हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्यांची मोठी वस्ती आहे. त्यातल्या बहुतेकांचं मूळ गाव विचारलं, तर ते खंबातच्या आखातापलीकडे, भावनगर-अमरेलीकडे निघतं. त्याच काठियावाडात मोतीभरत, म्हणजे मण्यांचं विणकाम, वाढलं. नावात मोती असला तरी मणी काचेचे, अगदी बारीक. गुजरातीत त्यांना कीडिया मोती म्हणतात. एकोणिसाव्या शतकात ते व्हेनिसहून निघायचे आणि झांजिबारच्या व्यापारात मुरलेले गुजराती व्यापारी ते इकडच्या बंदरांत उतरवायचे.

मग नवरीबरोबर सासरी जाणाऱ्या आण्यात मण्यांची तोरणं, भिंतीवर लावायचे चौकोनी चाकळे, डोक्यावरच्या घागरीखाली ठेवायच्या इंढोण्या, मण्यांनी मढवलेले नारळ दिसू लागले. मधोमध गणपती, बाजूला हत्ती, मोर, पाण्याला निघालेल्या बायका, ही ठरलेली मांडणी. या मंडळींच्या शेजारी काही तोरणांत चक्क आगगाडी उभी आहे. पुढे मोटार आली, विमानही आलं.

आज आपण कौतुकानं ‘जुनी गाडी’ म्हणतो, ती तेव्हा कोरी करकरीत होती. १० फेब्रुवारी १८६० रोजी बीबीसीआय कंपनीची गाडी अंकलेश्वरहून उत्राणपर्यंत, म्हणजे सुरतेसमोर तापीच्या उत्तर काठापर्यंत, धावू लागली. काठियावाडात भावनगर संस्थानची रेल्वे आली ती १८८० मध्ये. मोटारी आधी राजवाड्यांत आल्या. गोंडलच्या संस्थानिकांच्या जुन्या मोटारी तिथल्या ऑर्चर्ड पॅलेसच्या आवारात अजून पाहायला मिळतात. हत्तीवरून मिरवणारा राजा मोटारीत बसू लागला, तेव्हा तोरणातही हत्तीशेजारी मोटारीला जागा मिळाली. परंपरा म्हणजे गोठलेली गोष्ट असं मानणाऱ्यांनी ही तोरणं एकदा जवळून पाहावीत.

जवळून पाहिलं की चाकापाशी नजर अडकते. मोतीभरताला बहुधा खाली कापड नसतंच. सुईत दोन-तीन मणी ओवायचे, आधीच्या ओळीतल्या मण्यातून दोरा फिरवायचा, पुन्हा मणी घ्यायचे. अशी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी विणत जायची आणि शेवटी ती अस्तरावर टाचायची. या जाळीत आडवी आणि तिरकी रेघ झकास येते; गोलाई मात्र येत नाही. त्यामुळे डबे ऐटीत उभे राहतात आणि चाकांना कोपरे फुटतात. पांढऱ्या मण्यांच्या जमिनीवर ते अधिकच उठून दिसतात.

मण्यांचं वेड संस्थानिकांनाही होतं. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी १८६५च्या सुमारास बसऱ्याच्या मोत्यांचा आणि रंगीत काचमण्यांचा गालिचा करवून घेतला. मदिनेतल्या पैगंबरांच्या कबरीसाठी तो होता म्हणतात. तिथे तो पोचला नाही. २००९ मध्ये दोह्यात सुमारे ५५ लाख डॉलरला विकला गेला. याच खंडेरावांच्या राज्यात १८६२ साली डभोईची अरुंद रेल्वे सुरू झाली आणि तिचे डबे चक्क बैल ओढत होते. असं वाहन एखाद्या तोरणात सापडायला हवं होतं!

जुन्या वस्तूंच्या बाजारात चित्रातल्या गाडीवरून तोरणाचं वय सांगतात. ते बेतानंच घ्यावं. मोटारीमुळे तोरण कधीच्या आधीचं नाही एवढंच कळतं. आईचा नमुना लेकीनं वीस वर्षांनी पुन्हा विणला, तरी मोटार तीच राहते.

सुरतेत आज मण्यांचं काम चालतं ते साड्या-घागऱ्यांवर. कापड लाकडी चौकटीवर ताणून केलेल्या या कामाला तिथे खाटली वर्क म्हणतात. भोकं पाडलेल्या ट्रेसिंग कागदावरून आराखडा आधी कापडावर उतरवतात आणि मग त्या रेघेवर मणी-टिकल्या टाकतात. रेघ वळेल तसा मणी वळतो, म्हणून या चौकटीवर गोल चाक सहज जमतं.