पूर नदीला येतो, बुडतं कोण? भंडाऱ्याचं उदाहरण

संशोधनाचा आराखडा लिहिताना 'पूर ही नैसर्गिक आपत्ती आहे' हे वाक्य आपण सगळेच टाकतो. मीही टाकलं होतं. पण ते लिहिलं की पुढे विचारायला काही उरतच नाही.

२०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेचं पाणी भंडारा शहरात शिरलं. मुसळधार पाऊस झाला होता तो मुख्यतः वर, मध्य प्रदेशात. सिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवरातून पाणी सोडलं गेलं आणि ते खाली आलं. भंडाऱ्याच्या खाली, पवनी तालुक्यात, गोसीखुर्द धरण आहे. त्याची सगळी ३३ दारं उघडावी लागली आणि पुढे ब्रह्मपुरी, गडचिरोलीकडची गावं पाण्यात गेली. म्हणजे पाऊस एकीकडे, पूर दुसरीकडे.

आता जरा मागे जाऊ. सिवनी आणि भंडारा हे दोन्ही जिल्हे एकेकाळी मध्य प्रांतात होते, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला आणि एकाच नदीवर दोन राज्यांचा कारभार सुरू झाला. नंतर वरचं धरण एका राज्याचं झालं, खालचं दुसऱ्याचं. गोसीखुर्दचं भूमिपूजन १९८८ चं. त्यामुळे खालच्या माणसाला इशारा किती तास आधी मिळतो, हा प्रश्न जितका हवामानाचा, तितकाच कारभाराच्या इतिहासाचाही आहे.

पिअर्स ब्लेकी आणि सहकाऱ्यांचं 'ॲट रिस्क' हे पुस्तक १९९४ मध्ये आलं. त्याचा गाभा साधा आहे: धोका निसर्गातून येतो, पण आपत्ती घडते ती माणसाच्या परिस्थितीतून. शहर वाढतं तेव्हा उंचावरची जागा महाग होते. ज्याच्या खिशात कमी, तो सखल भागात घर बांधतो. पाणी ओसरल्यावर पंचनामा होतो तो घरमालकाच्या नावानं. मग भाडेकरूचं भिजलेलं सामान कुठल्या कागदावर येतं?

म्हणून तुमच्या गावच्या नदीवर काम करणार असाल, तर पावसाच्या आकड्यांपाशी थांबू नका. पाणी कुणी सोडलं, निरोप कुणाला कधी पोचला, सखल वस्ती कधी आणि का वसली, हे विचारा. आणि भंडाऱ्याचे १९५६ आधीचे कागद शोधायचे असतील, तर फक्त मुंबईत शोधू नका. नागपूर आणि भोपाळलाही जावं लागेल. नदीसारखंच दप्तरही वाटलं गेलंय.