स्टाइलशीट प्रीप्रोसेसरची स्थापना आणि भिन्न कार्यप्रणाली : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
संगणकशास्त्राचा इतिहास सामान्यतः शोधांचा व संशोधकांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. एखादे साधन सामान्य वापरकर्त्याच्या संगणकावर कसे पोहोचले, हा प्रश्न दुय्यम मानला जातो. भंडारा जिल्ह्यातील महाविद्यालयात हा विषय शिकविताना मात्र हाच प्रश्न सर्वप्रथम उभा राहतो. प्रस्तुत लेखात स्टाइलशीट प्रीप्रोसेसरच्या स्थापनेचा २००६ पासूनचा प्रवास तपासून, स्थापनेची सुलभता ही ज्ञानप्रसाराची पूर्वअट आहे, हे मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

साधनाची गरज :
संकेतस्थळावरील मजकूर व त्याचे दृश्यरूप वेगळे ठेवावे, या विचारातून हाकोन व्हियुम ली यांनी १९९४ मध्ये कॅस्केडिंग स्टाइल शीट्स म्हणजेच सीएसएसची कल्पना मांडली. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने १९९६ मध्ये तिच्या पहिल्या आवृत्तीस मान्यता दिली. मात्र एकच मूल्य फाइलीत अनेक ठिकाणी पुनःपुन्हा लिहावे लागे. भंडारा जिल्ह्याचे शासकीय संकेतस्थळ मराठी व इंग्रजी अशा दोन भाषांत आहे. अशा कोणत्याही द्वैभाषिक संकेतस्थळाचा विचार केल्यास ही अडचण ध्यानात येते. देवनागरीत वेलांटी, मात्रा व रफार शिरोरेषेच्या वर, तर उकार अक्षराच्या खाली जातो. परिणामी रोमन लिपीस पुरणारे ओळींमधील अंतर मराठीस अपुरे पडते. प्रीप्रोसेसरमध्ये असे मूल्य एका नावाने एकदाच नोंदविता येते व त्यावरून नेहमीची सीएसएस फाइल आपोआप तयार होते.

पहिला टप्पा – रूबीचे अवलंबन :
२००६ मध्ये हॅम्प्टन कॅटलिन यांनी 'सास' या प्रीप्रोसेसरची रचना केली व नॅटली वायझनबॉम यांनी तो विकसित केला. तो रूबी भाषेत लिहिलेला असल्याने आधी रूबी व नंतर सास, असा स्थापनेचा क्रम होता. मॅक ओएस एक्सच्या २००७ मधील आवृत्तीत रूबी मुळातच समाविष्ट होती. लिनक्सवर ती पॅकेज-भांडारातून एका आज्ञेने मिळे. विंडोजवर मात्र रूबीइन्स्टॉलर स्वतंत्रपणे उतरवून घ्यावा लागे आणि 'पाथ'चा पर्याय निवडायचा राहून गेल्यास पुढील आज्ञा संगणक ओळखतच नसे. साधन एकच असूनही त्याच्या दारापर्यंतचे अंतर प्रत्येक कार्यप्रणालीत वेगळे होते.

दुसरा टप्पा – नोड व लिबसास :
अलेक्सिस सेलिए यांचा 'लेस' हा प्रीप्रोसेसर २००९ मध्ये आला. तोही आरंभी रूबीत होता व पुढे जावास्क्रिप्टमध्ये नेण्यात आला. २०१२ मध्ये सी व सी++ भाषांतील 'लिबसास' पुढे आला. वेग वाढला, पण नवी अडचणही आली. नोडमार्फत लिबसास वापरताना आपल्या आवृत्तीसाठी तयार फाइल उपलब्ध नसल्यास विंडोजवर पायथन व मायक्रोसॉफ्टची सी++ साधनेही स्थापावी लागत.

तिसरा टप्पा – स्वयंपूर्ण साधन :
२०१८ मध्ये डार्ट भाषेतील सासची पहिली स्थिर आवृत्ती आली. २६ मार्च २०१९ रोजी रूबी-सासचा आधार संपला आणि २०२० मध्ये लिबसासही कालबाह्य घोषित झाला. डार्ट-सास नोडमार्फत घेता येतोच. शिवाय विंडोज, मॅक व लिनक्ससाठी त्याची स्वयंपूर्ण संकुचित फाइलही मिळते. ती उलगडली की दुसरी कोणतीही भाषा स्थापण्याची आवश्यकता राहत नाही.

विवेचन :
मोठ्या शहरातील व्यावसायिकास हा बदल किरकोळ वाटेल. आमच्या प्रयोगशाळेत मात्र तो निर्णायक ठरला. पूर्वीच्या दोन्ही पद्धतींत स्थापनेच्या वेळी इंटरनेट लागे, अनेकदा अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्डही लागे. स्वयंपूर्ण फाइल पेन ड्राइव्हवरून प्रत्येक संगणकावर नेता येते. प्रस्तुत लेखकाने तयार केलेली रूबीवर आधारित प्रात्यक्षिक-पुस्तिका २०१९ नंतरही काही काळ तशीच वापरात राहिली, हे येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. त्या काळात तासिका स्थापनेतच संपत असे. दोष कालबाह्य सूचनांचा होता. परंतु 'आम्हांला जमत नाही' असा निष्कर्ष काही विद्यार्थ्यांनी स्वतःविषयीच काढला. तांत्रिक अडथळ्याचे असे आत्मविश्वासाच्या अभावात रूपांतर होणे, ही या इतिहासाची नोंद न झालेली बाजू होय.

निष्कर्ष :
२०२३ पर्यंत प्रमुख ब्राउझरांमध्ये सीएसएसलाच चल व नियमांची अंतर्गत मांडणी या सोयी लाभल्या. त्यामुळे लहान संकेतस्थळांसाठी प्रीप्रोसेसरची गरज घटली आहे. तथापि या प्रवासातून मिळणारा धडा कायम राहतो. प्रात्यक्षिक-पुस्तिकेत प्रत्येक साधनाची आवृत्ती, कार्यप्रणाली व सूचना तपासल्याचे वर्ष नोंदवावे आणि दरवर्षी सत्रारंभी प्राध्यापकाने ती स्थापना प्रयोगशाळेतील सर्वांत जुन्या संगणकावर स्वतः करून पाहावी. ज्या संगणकावर साधन चालत नाही, त्या संगणकापुढेही एक विद्यार्थी बसलेला असतो.